चौसष्ट दिवसांचा करार

वॉरिकच्या बाजारचौकात शनिवारी बाजार भरतो. भाज्या, पाव, चीज, फुलझाडांची रोपं, आणि एका टोकाला मासळीची गाडी. या चौकात एक पुतळा आहे. पहिली तीन वर्षं मी त्याच्या पायाशी पिशव्या टेकवून पर्समध्ये सुटे पैसे शोधत असे, आणि वर कोण उभा आहे हे मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं. इंग्लंडात पुतळे फार. कुणी सरदार असेल, कुणी महापौर असेल, असं धरून चालायचं.

मान वर करायला लावली ती चिरंजीवांनी. वय वर्षं अकरा. "आई, हा वर्ल्ड चॅम्पियन होता. मिडलवेट. आपल्या लेमिंग्टनचा."

त्या "आपल्या"वर मी अडखळले. माझं "आपलं" अजून साताऱ्यात आहे. याचं कधीच दोन मैलांवरच्या लेमिंग्टनमध्ये येऊन बसलंय. पण खरी अडखळले ती "मिडलवेट"वर. बॉक्सिंगमधल्या एका वजनगटाचा हा शब्द याच्या तोंडी आला म्हणजे बॉक्सिंगचं खूळ कराटेसारखं दोन महिन्यांत उतरणार नाही.

बॉक्सिंग मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या आळीच्या टोकाला तालीम होती, त्यामुळे कुस्ती कानावरून गेलेली. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपतो. पाठ टेकली, उठला, माती झटकली, वस्तादाच्या पाया पडला, घरी गेला. बॉक्सिंगमध्ये नेम धरायचा तोच मुळी डोक्यावर. ज्या डोक्यात मी पाढे भरले, त्यावर दुसऱ्याच्या पोराने गुद्दे घालायचे, आणि वर ते मोजायला माणूस ठेवायचा! पण घरात माझी बाजू एकटीची. नवरा म्हणतो, "अगं, लहान मुलांचं तसलं नसतं." म्हणून मग मी वाचायला बसले. मुलाला नाही कसं म्हणायचं याची सामग्री गोळा करायला बसले होते, हे कबूल करते.

त्या पुतळ्याचं नाव रॅन्डॉल्फ अडॉल्फस टर्पिन. जन्म 7 जून 1928, लेमिंग्टन स्पा. वडील लायनेल, ब्रिटिश गयानातल्या जॉर्जटाउनचे, कृष्णवर्णीय. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढायला आले, विषारी वायूने फुप्फुसं निकामी करून घेतली आणि धाकटा रॅन्डॉल्फ वर्षाचाही व्हायच्या आत गेले. आई बिअॅट्रिस, इथलीच गोरी; तिचे वडील उघड्या मुठींनी लढणाऱ्या जुन्या पिढीतले. पाच मुलं, तुटपुंजं पेन्शन, आणि बाईची दृष्टी हळूहळू जात चाललेली. तीन मुलगे: लायनेल, ज्याला सगळे डिक म्हणत, मधला जॅकी, आणि रॅन्डॉल्फ. तिघंही पुढे व्यावसायिक बॉक्सर झाले. मला त्या तिघांपेक्षा त्या आईचा विचार जास्त सुचतो. तीन मुलगे रिंगमध्ये, आणि ते काय करतायत हे तिला धड दिसतही नसणार.

त्या काळी जत्रांमधून बॉक्सिंगचे तंबू असत. बाहेर फळीवर पगारी लढवय्ये ओळीने उभे, मालक ओरडतोय, याच्यासमोर तीन फेऱ्या टिका आणि पैसे घेऊन जा. गावातला कुणीतरी बिअरच्या जोरावर पुढे व्हायचा. आपल्याकडच्या जत्रेतल्या फडासारखंच. फक्त इथे नारळावरची कुस्ती नाही आणि फेटाही नाही. टर्पिन भावंडांनी पोरवयात अशा ठिकाणी "अलेक्झांडर आणि मोझेस" या नावांनी लुटुपुटीच्या लढती केल्या. मोठ्यांच्या लढतींच्या मधल्या वेळेत दोन चिमुरडी एकमेकांना बदडायची आणि लोक खूश होऊन रिंगमध्ये नाणी फेकायचे. या फेकलेल्या नाण्यांना तिकडच्या बोलीत नॉबिन्स म्हणतात. बोजड ग्लोव्ह्ज घालून सहा पेनी उचलायचा प्रयत्न करणारं पोर मला त्या वाक्यात लगेच दिसलं. तेव्हा निदान पैसा डोळ्यांदेखत पडत होता आणि मोजता येत होता.

रॅन्डॉल्फला लहानपणापासून कानाने कमी ऐकू यायचं. पोहताना झालेल्या अपघातात कानाचा पडदा गेलेला. माणसं म्हणत, तो शिष्ट आहे, हाक मारली तरी वळत नाही.

लेमिंग्टनच्या बॉईज क्लबमध्ये तो शिकला. हौशी बॉक्सिंगचं गणित वेगळं असतं: तीन फेऱ्या, पैसे नाहीत, कप आणि गणवेशावरचा बिल्ला. 1945 साली या पोराने देशाची ज्युनियर स्पर्धा जिंकली आणि त्याच हंगामात थोरांची वेल्टरवेट स्पर्धाही जिंकली. वय सतराच्या आत. थोरांची ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय. पुढच्या वर्षी एक वजनगट वर सरकून मिडलवेटची. दरम्यान तो नौदलात स्वयंपाक्याच्या हाताखाली होता. बटाटे सोलायचे आणि जहाजाच्या नावाने लढायचं. एवढ्या भागापर्यंत चिरंजीवांना वाचून दाखवायला हरकत नव्हती. मी वाचूनही दाखवलं. त्याला बटाट्यांचा भाग फार आवडला.

17 सप्टेंबर 1946 ला लंडनच्या हॅरिंगे अरेनात तो व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा उतरला आणि समोरच्याला पहिल्याच फेरीत संपवलं. मॅनेजर लेमिंग्टनचेच, जॉर्ज मिडलटन.

इथे थोरल्या भावाची गोष्ट मध्ये येते, आणि ती मला रॅन्डॉल्फच्या कहाणीपेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही. डिक टर्पिन चांगला बॉक्सर होता, वर्षानुवर्षं लढत होता. पण ब्रिटनच्या अजिंक्यपदासाठी त्याला उभंच राहता येत नव्हतं. तिथल्या बॉक्सिंगचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या नियमांत चोविसावं कलम होतं. अजिंक्यपदासाठी लढणारा ब्रिटिश प्रजाजन हवा आणि गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेला हवा. असं छापलेलं. आडून आडून नाही, कुजबुजून नाही, नियमपुस्तकात. याच बंदीने मँचेस्टरच्या लेन जॉन्सन या बॉक्सरची कारकीर्द वीसच्या दशकात खाल्ली होती. तो अजिंक्यवीरांना हरवायचा, पण अजिंक्यपद नसलेल्या लढतींत. पदासाठीच्या लढतीत त्याला प्रवेश नाही. शेवटी त्याने स्वतःचा जत्रेतला तंबू काढला. आपल्याकडे "गुणांचं चीज झालं नाही" असा एक गुळमुळीत वाक्प्रचार आहे. त्यात कुणी करू दिलं नाही ते येत नाही.

महायुद्धानंतर हे कलम गेलं. 28 जून 1948 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात डिकने व्हिन्स हॉकिन्सला हरवलं आणि ब्रिटिश अजिंक्यपद मिळवणारा तो या बंदीनंतरचा पहिला कृष्णवर्णीय ठरला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. बॉक्सरच्या हिशेबात उमेद सरत आलेली. बाप राजासाठी विषारी वायू पिऊन मेला होता, आणि मुलाला राजाच्या देशातला पट्टा मिळायला एक कागद बदलावा लागला.

पुतळा मात्र डिकचा नाही.

धाकट्याच्या वाटेत कागद नव्हता. त्याच्या वाटेत तो स्वतः होता. 1948 मध्ये तो दोनदा हरला, दुसऱ्यांदा तर जाँ स्टॉक नावाच्या फ्रेंच माणसाने त्याला पाचव्या फेरीतच थांबायला लावलं. घरी पहिलं लग्न मोडत चाललं होतं. बायकोला मारहाण केल्याच्या तक्रारी कोर्टात गेल्या होत्या. हे वाक्य मी दोन-तीनदा पुढे ढकललं. पण पुढे 1953 साली न्यूयॉर्कमध्येही एका तरुणीने त्याच्यावर अत्याचाराचा आणि मारहाणीचा आरोप केला, आणि ते प्रकरण पैसे देऊन मिटवलं गेलं. तेव्हा हा एखाद्या संध्याकाळचा तोल नव्हता. बॉक्सिंगवर प्रेम करणारे लोक हा भाग "वादळी खासगी आयुष्य" असं म्हणून एका ओळीत उरकतात. वादळ म्हणे! वादळाला मुठी नसतात.

दोन पराभवांनंतर त्याने एक गोष्ट केली जी त्या काळात वेडेपणाची मानत: वजनं उचलायला लागला. वजनं उचलली की बॉक्सरचे स्नायू बांधले जातात, हात मंदावतो, असा सगळ्या वस्तादांचा ठाम समज. (आमच्या तालमीतही जिमच्या पोरांना "फुगलेले" म्हणत.) टर्पिनचा हात मंदावला नाही. एक वेगळीच ताकद त्याच्या अंगात आली. ऑक्टोबर 1950 मध्ये त्याने आल्बर्ट फिंचला पाचव्या फेरीत पाडलं आणि ब्रिटिश पट्टा घरी आणला. हाच फिंच त्याला 1948 मध्ये हरवून गेला होता, आणि याच फिंचने 1950 मध्येच डिककडून तो पट्टा हिसकावला होता. फेब्रुवारी 1951 मध्ये युरोपचं अजिंक्यपद: हॉलंडचा लुक व्हॅन डॅम समोर, लढत संपली अठ्ठेचाळीस सेकंदांत. दोन महिन्यांनी त्या जाँ स्टॉकचाही हिशेब चुकता केला.

आणि मग आला शुगर रे रॉबिन्सन.

ज्यांना बॉक्सिंगचं काही म्हणजे काही माहीत नाही त्यांच्यासाठी: "पाउंड फॉर पाउंड", म्हणजे वजनाचा फरक बाजूला ठेवून पाहिलं तर सगळ्यांत श्रेष्ठ कोण, हे बोलणं ज्याच्यासाठी रूढ झालं तो हा माणूस. तोवरच्या सव्वाशेहून जास्त व्यावसायिक लढतींत फक्त एकदा हरलेला, तोही 1943 मध्ये जेक लामोटाकडून. नंतर त्याने लामोटाला पुनःपुन्हा हरवलं आणि फेब्रुवारी 1951 मध्ये त्याच्याकडूनच मिडलवेटचं जागतिक अजिंक्यपद घेतलं. त्या उन्हाळ्यात तो युरोपच्या दौऱ्यावर होता. बरोबर गुलाबी कॅडिलॅक आणि भलामोठा लवाजमा. पॅरिस, झुरिक, अँटवर्प, लिएज, बर्लिन, तुरिन, आणि मग लंडन. वाटेतल्या शहरांत लढती उरकत, मेजवान्या झोडत. विंडसरमधल्या एका पबच्या वर त्याने सरावाचा मुक्काम टाकला होता. विंडसरच्या रस्त्यावर गुलाबी कॅडिलॅक! ब्रिटनमध्ये तेव्हा मटण आणि गोळ्या-चॉकलेट रेशनवर होते.

टर्पिन तिकडे वेल्समध्ये, आबर्गेलेजवळच्या ग्वरिख किल्ल्यात सराव करत होता. पर्यटक तिकीट काढून बघायला यायचे असा किल्ला.

आता कराराबद्दल. मोठा अजिंक्यवीर परक्या गावात पद पणाला लावतो तेव्हा एक कलम घालून घेतो: चुकून हरलो तर ठरलेल्या मुदतीत परत लढत, माझ्या देशात. रॉबिन्सनने तसं घालून घेतलं होतं. आपण जिंकलो तर पुढे काय, ते टर्पिनच्या सहीने आधीच ठरलेलं होतं. बॉक्सिंगच्या धंद्यात याला कुणी वाईट म्हणत नाही. हे कलम नसतं तर रॉबिन्सन लंडनला आलाच नसता, म्हणजे टर्पिनला ती रात्रही मिळाली नसती. हे मला मान्य आहे. तरी ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. जिंकण्याआधीच जिंकलेलं किती दिवस राहणार ते टाइप केलेलं.

10 जुलै 1951. अर्ल्स कोर्ट, अठरा हजार माणसं. बाकीचा देश रेडिओला कान लावून. त्या लढतीची जुनी फिल्म आहे. मी ती चारदा पाहिली, पहिल्यांदा बोटांच्या फटीतून.

मला अपेक्षा होती एका सुंदर माणसाची आणि एका दांडगटाची. तसं दिसत नाही. रॉबिन्सन सुंदर आहेच, नाचल्यासारखा. पण टर्पिन काहीतरी विचित्र करतो. पाय फार लांब टाकून उभा राहतो, कमरेतून मागे रेलतो, आणि मग डावा हात खालून, कमरेजवळून, झेप घेत येतो. ही चूक आहे हे मलाही कळावं इतकी ती पुस्तकाबाहेरची आहे. रॉबिन्सनचा ठोसा जिथे जातो तिथून टर्पिनचं डोकं आत्ताच निघून गेलेलं असतं. आणि दोघं एकमेकांना धरतात तेव्हा, म्हणजे पंच येऊन सोडवेपर्यंतच्या त्या दोन-तीन सेकंदांत, टर्पिन रॉबिन्सनला अक्षरशः उचलल्यासारखा बाजूला ठेवतो, दारात आडवी आलेली खुर्ची सरकवावी तसा. ती उचललेली वजनं तिथे दिसतात. सातव्या फेरीत डोक्याला डोकं आपटून रॉबिन्सनच्या डोळ्यावर जखम झाली. पण लढत त्या जखमेने गेली नाही. ती त्या खालून येणाऱ्या डाव्या हाताने, पंधरा फेऱ्या, एकेक करून गेली.

थोडं विषयांतर. मराठीत "पंच" म्हणजे निकाल देणारा, आणि बॉक्सिंगच्या बातम्यांत "पंच" म्हणजे ठोसा. आमच्या घरी यावरून रोज गोंधळ होतो. "पंच चुकला" म्हणजे कोण चुकलं? त्या काळच्या ब्रिटनमध्ये मात्र दोन्ही अर्थ फार जवळ होते, कारण रिंगमधला पंच हाच एकटा परीक्षक असे. बाजूला तीन गुणलेखक वगैरे नाहीत. शेवटची घंटा झाली की तो सरळ चालत जाऊन एकाचा हात वर करायचा, झालं. त्या रात्रीचा पंच होता युजीन हेंडरसन नावाचा स्कॉटिश गृहस्थ. घंटा झाली, आणि तो टर्पिनकडे चालत गेला.

लोक गायला लागले. अठरा हजार माणसं एका सुरात, वाढदिवसाला म्हणतात ते "जॉली गुड फेलो". टर्पिन तेवीस वर्षांचा. साठ वर्षांत ब्रिटनकडे न आलेलं मिडलवेटचं जागतिक पद लेमिंग्टनच्या पोराकडे. दोन दिवसांनी गावच्या टाउन हॉलच्या सज्ज्यात तो उभा राहिला आणि खाली हजारोंनी लोक. तो सज्जा अजून आहे. मी त्याच्यासमोरच्या थांब्यावर बसची वाट बघत असते. आई त्याच्या शेजारी उभी होती. तिला गर्दी कितपत दिसली असेल? आवाज मात्र पुरता ऐकू आला असणार. मुलाला त्याहून कमी.

मग दिवस मोजायचे. जुलैचे उरलेले एकवीस, ऑगस्टचे एकतीस, सप्टेंबरचे बारा.

12 सप्टेंबरला न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, एकसष्ट हजारांवर प्रेक्षक, साडेसात लाख डॉलरच्या वर तिकीटविक्री. हेवीवेट सोडून दुसऱ्या कुठल्याच लढतीला तोवर एवढा गल्ला जमला नव्हता. नऊ फेऱ्या बरोबरीच्याच. दहाव्या फेरीत रॉबिन्सनच्या डोळ्यावरची जुनी जखम उघडली. चेहरा रक्ताने भरला. पंच लढत थांबवणार आणि आपण हरणार, हे त्याला कळलं असावं. मग त्याने जे केलं ते मी एकदाच पाहिलं. एका उजव्या ठोशाने टर्पिन खाली गेला, उठला, आणि दोरांना टेकला. त्यापुढच्या पंचवीसेक सेकंदांत तीसेक ठोसे. टर्पिन पडत नव्हता. कमरेतून डावीकडे-उजवीकडे हलत होता, पुन्हा पडत नव्हता. पंच रूबी गोल्डस्टीनने मध्ये उडी मारली तेव्हा फेरी संपायला आठ सेकंद होती.

ब्रिटनमध्ये त्या आठ सेकंदांबद्दल लोक पुढे कित्येक वर्षं भांडले. घंटेपर्यंत जाऊ दिलं असतं तर? मी भांडणार नाही. पंधरवड्यापूर्वी त्याच शहरात जॉर्जी फ्लोरेस नावाचा वीस वर्षांचा बॉक्सर लढतीनंतर बेशुद्ध पडला होता आणि चार-पाच दिवसांनी गेला होता. गोल्डस्टीनच्या डोळ्यांपुढे तो असेल तर त्यात चूक काय? मला विचाराल तर आठ सेकंद आधीही चाललं असतं.

इथे बहुतेक लिहिणारे टर्पिनला सोडून देतात. वास्तविक तो त्यानंतर सात वर्षं लढला, आणि बरंच जिंकला. 1952 मध्ये वजनगट वर सरकून डॉन कॉकेलला हरवलं आणि लाइट-हेवीवेटचं ब्रिटिश पद घेतलं. 1953 मध्ये फ्रान्सच्या शार्ल युमेझला हरवून युरोपचं मिडलवेट. रॉबिन्सन तोवर निवृत्त झाला होता, तेव्हा रिकाम्या जागतिक पदासाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बोबो ओल्सनशी लढला, आणि गुणांवर हरला. 1954 मध्ये रोमला तिबेरिओ मित्रीने त्याला सव्वा मिनिटाच्या आत लोळवलं. शेवटची मोठी लढत सप्टेंबर 1958, बर्मिंगहॅम, योलांड पाँपीसमोर, दुसऱ्या फेरीत संपली. एकूण पंचाहत्तर लढती, सहासष्ट विजय. चिरंजीवांनी हा आकडा वहीत लिहून ठेवलाय.

वहीत नाही तो दुसरा आकडा. पोलो ग्राउंड्सच्या लढतीत टर्पिनच्या वाट्याला दोन लाख डॉलरच्या आसपास रक्कम आली असं सांगतात. त्यातून मॅनेजरचा वाटा, तिकडचा कर, मुक्काम, सरावाचे सोबती. ब्रिटनमध्ये त्या वर्षी सगळ्यांत वरच्या उत्पन्नावरचा कर पौंडाच्या वीस शिलिंगांतले साडेएकोणीस होता. म्हणजे अगदी वरच्या टप्प्यातल्या रुपयामागे अडीच पैसे खिशात. बॉक्सर वर्षभर नाही, तीन-चार रात्रींत कमावतो. आणि पुढच्या वर्षी कमावेलच असं नाही. पगारदार माणसाला करखातं समजतं, दरमहा कापलं जातं. याच्यासारख्याला ते नंतर येऊन गाठतं, पैसे संपल्यावर. आणि पैसे संपतच होते. ग्वरिख किल्ल्याच्या मालकाबरोबर भागीदारीत त्याने लॅंडडनोच्या ग्रेट ऑर्म डोंगरमाथ्यावरचं हॉटेल घेतलं. समुद्राकडे तोंड, उन्हाळ्यात गर्दी, हिवाळ्यात वारा. ते गेलं. मागायला येणाऱ्याला तो नाही म्हणत नसे. गावात अजून वयस्क लोक सांगतात, पैसे उसने नेणाऱ्यांची रांग असायची. परत आणून देणाऱ्यांची कुणी सांगत नाही.

1962 साली तो दिवाळखोर जाहीर झाला. मॅनेजर मिडलटनच्या भंगारच्या आवारात मजुरी केली. मग पैशासाठी कुस्त्या. आपल्या नव्हेत, त्या ठरवून खेळायच्या, तिकीट लावून. अकरा वर्षांपूर्वी रॉबिन्सनला खुर्चीसारखा सरकवणारा माणूस आता एका आठवड्याला या गावात पडायचा, पुढच्या आठवड्याला त्या गावात. ज्या पोराने जत्रेत अलेक्झांडर की मोझेस म्हणून सुरुवात केली, तो परत तिथेच आला, फक्त आता नाणी फेकत नव्हते.

दुसऱ्या पत्नीने, ती वेल्सच्या शेतकऱ्याची मुलगी, लेमिंग्टनच्या रसेल स्ट्रीटवर ट्रकवाल्यांसाठीचं एक कॅफे घेतलं होतं. वर राहायचं, खाली अंडी-बेकन-चहा. चार लहान मुली. टर्पिन काउंटरमागे उभा राहायचा. आता त्या इमारतीवरही नगरपालिकेची सक्तीच्या संपादनाची नोटीस आली होती, आणि कराचा तगादा थांबला नव्हता.

17 मे 1966 ला दुपारी वरच्या खोलीत त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. त्याआधी त्याने दीडेक वर्षाच्या धाकट्या मुलीवरही गोळी झाडली होती. ती वाचली. तो सदतीस वर्षांचा होता.

मी इतका वेळ कागदांवर राग काढत होते: चोविसावं कलम, परतीच्या लढतीचा करार, कराची मागणी, पालिकेची नोटीस. एका ओळीत ठेवले की सगळं कसं नीट बसतं. पण त्या खोलीतलं दुसरं अंथरूण लहान मुलीचं होतं, आणि ते कुठल्याच कागदाने तिथे घातलं नव्हतं. त्याला बिचारा म्हणायला जीभ वळत नाही. पुतळ्याशेजारी पिशव्या ठेवायलाही आता जरा अवघडतं. अंत्यविधीला पाद्रीबाबांनी, चांगल्या दिवसांत त्याच्याभोवती जमलेल्या आणि नंतर पांगलेल्या मंडळींना चार शब्द सुनावले म्हणतात. ती मंडळीही समोर बाकांवर बसली असणार, काळे कोट घालून. गाव लहान आहे.

पुतळा 2001 मध्ये बसला, 10 जुलैलाच, त्या रात्रीला पन्नास वर्षं झाली तेव्हा. अनावरण ब्रिटनचा जुना हेवीवेट बॉक्सर हेन्री कूपर याने केलं. खालच्या खोलीत अंडी तळणारा टर्पिन कुणी घडवणार नव्हतंच.

आमच्याकडे सध्या परिस्थिती अशी: मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी क्लब. हाताच्या पट्ट्या मी बांधते, कारण त्याला अजून नीट जमत नाहीत. साडेचार मीटर लांब सुती पट्टी. टोकाचा फास अंगठ्यात, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक, मग पेरांवरून, परत मनगट, शेवटी वेल्क्रो. फार घट्ट झाली तर बोटं पांढरी पडतात. सैल राहिली तर पेरं सुजतात. मी साडी नेसवावी तशी सावकाश बांधते. तो चुळबुळत राहतो. "आई, लवकर ना." धुतल्यावर या पट्ट्या हीटरवर वाळतात, एखाद्या दवाखान्यातल्यासारख्या.

क्लबचे सर मूळचे जमैकाच्या घरातले, साठीला आलेले, आवाज कधी चढवत नाहीत. पहिल्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं, डोक्याला किती लागतं? ते हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, लागतं. म्हणून आधी वर्षभर पाय शिकवतो.

आता वर्ष होत आलं. गेल्या आठवड्यात चिरंजीव एक फॉर्म घेऊन आले. खरीखुरी लढत, दुसऱ्या क्लबच्या मुलाशी, वय आणि वजन जुळवून, तीन छोट्या फेऱ्या, डोक्याला टोप घालून. डॉक्टरचा शिक्का, आणि पालकाची सही. चार दिवस तो फॉर्म फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली होता. नवऱ्याने त्याच्या जागी सही कधीच करून टाकलेली, टर्रकन, तारीखही चुकवून.

काल रात्री मी तो काढून जेवणाच्या टेबलावर घेतला. पुढचं पान वाचलं, मागचं उलटलं. मागे बारीक अक्षरांत दोन रकाने. चष्मा आणायला उठले तर तो समोर पेन घेऊन उभा.

"अगं आई, ते मागचं कुणीच वाचत नाही."

"बस इथे," म्हटलं. "मोठ्याने वाच. पहिल्यापासून."